शेवटच्या नळाचं कलम

कवडू मेश्रामांबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा मला माझाच राग येतो. म्हणून आधी माझं सांगून टाकते. मी गोपिका ठवकर, मूळची कुहीची. नागपुरात पाणीखात्यात तीस वर्षं कारकून होते. तोंडाची फटकळ म्हणून ऑफिसभर प्रसिद्ध. साहेब लोक मसुदे माझ्याकडेच द्यायचे, कारण माझं मराठी स्वच्छ आणि माझ्या कागदात कोणाला खोट काढता यायची नाही. निदान मला तसं वाटायचं.

कवडूभाऊ आमच्या खात्यात चाबीवाले होते. रस्त्याखालून पाण्याचे पाइप जातात, त्यांच्यावर जागोजागी व्हॉल्व असतात. एक उघडला की या वस्तीत पाणी, तो बंद करून दुसरा उघडला की त्या वस्तीत. ते फिरवायला छातीएवढी उंच लोखंडी चाबी लागते. ती सायकलच्या दांडीला बांधून हा माणूस पहाटे चारला इंदोऱ्यातल्या आपल्या घरून निघायचा. उत्तर नागपूरचे एकसष्ट व्हॉल्व त्यांच्याकडे होते. कोणता किती फेरे उघडायचा आणि कोणता कितीवर थांबवायचा, हे सगळं डोक्यात. अर्धा फेरा कमी पडला तर एक गल्ली कोरडी, अर्धा जास्त झाला तर खालच्या गल्लीत पाइप फुटलाच. त्यांची बायको भागीरथाबाई सांगायची की हे झोपेतसुद्धा फेरे मोजतात.

हे फेरे कुठंही लिहिलेले नव्हते. चाबीवाल्यांची ती रीतच होती. रिटायर होणारा माणूस नव्याला वर्षभर सोबत फिरवायचा आणि तोंडी शिकवायचा. कवडूभाऊंना धोंडबा नावाच्या म्हाताऱ्या चाबीवाल्यानं चौसष्ट साली असंच शिकवलं आणि बजावलं, "कागदावर गेलं का आपलं काम गेलं." इंजिनिअर लोकांना पाइपाची जाडी माहीत असायची, फेरे कोणालाच माहीत नसायचे. त्यामुळे साहेब बदलले, कमिशनर बदलले, चाबीवाल्याला कोणी हात लावला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. कवडूभाऊंचे वडील रामाजी आमच्या कुहीतूनच नागपुरात गिरणीत कामाला आले होते. गावात असताना त्या घराला विहिरीवर चढू देत नव्हते. छप्पन साली बापलेकांनी सोबतच दीक्षा घेतली, पांढरे कपडे घालून, इंदोऱ्याहून पायी जाऊन. ज्या विहिरीवर रामाजींना चढू दिलं नाही त्याच विहिरीचं पाणी पिऊन मी मोठी झाले. हे मी कवडूभाऊंना कधी सांगितलं नाही. ऑफिसात रोज भेटायचे, पण कोणत्या तोंडानं सांगणार होते?

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गोष्ट घडली. कळमन्याच्या अलीकडं टेकाडावर टेकडीपुरा नावाची वस्ती होती. सहाशे घरं आणि छत्तीस सरकारी नळ. पहिला नळ पायथ्याशी, छत्तिसावा अगदी वर, तुळसाबाई नावाच्या म्हातारीच्या दारापुढं. तिथला पंप जुना झालेला, नवा घ्यायला शहराकडं पैसा नाही. आणि बाजूलाच सातपुडा तेल मिल होती, तिला पाणी हवं होतं.

तेव्हा आमच्या स्थायी समितीचे अध्यक्ष रुपरावजी यांनी एक डाव मांडला. रुपरावजी शेतकऱ्याच्या घरातले, मनानं चांगले, पण सगळ्यात घाई. मिलीनं स्वतःच्या पैशानं पंप बसवायचा, वीस वर्षं चालवायचा, तिसरा हिस्सा पाणी मिलीला आणि बाकीचं टेकडीपुऱ्याला. वीस वर्षांनी पंप, टाकी, पाइप सगळं शहराचं. शहरानं नदीचं पाणी आणि जागा द्यायची. असा करार आमच्याकडं तोपर्यंत कोणी केलेला नव्हता. कसा लिहितात हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

रुपरावजींनी मला बोलावलं. "बाई, तुमी लिहा," ते म्हणाले. "पन पाहा बरं, कंपनीवाले हुशार असतात. मले वीस वर्सं लोकायच्या शिव्या नाही खायच्या."

मी लिहिला. एकवीस कलमांचा. मुद्द्याची दोन. नववं कलम असं होतं की कंपनी टेकडीपुरा वस्तीला दररोज चार तास अखंड पाणीपुरवठा करील, आणि न केल्यास शहर करार मोडून पंप ताब्यात घेईल. हे कलम लिहून झालं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते. दुसरं चौदावं. ते कंपनीनं सांगून घालायला लावलं होतं. त्या लाइनला जोडलेल्या सगळ्या एकसष्ट व्हॉल्वची संपूर्ण माहिती, म्हणजे जागा, फेरे आणि दिशा, करारामागच्या यादीत नोंदली गेली की ते चालवायचं काम कंपनीच्या माणसांकडे जाईल आणि शहराचा कर्मचारी अन्यत्र पाठवला जाईल. शहराचा कर्मचारी म्हणजे कवडूभाऊ. यादीत तोपर्यंत नुसत्या जागा होत्या. फेरे आणि दिशेचे रकाने कोरे होते. ते भरणार कोण, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि माझ्या आला होता पण मी गप्प बसले होते.

शनिवारी जागांच्या यादीवर सही करायला कवडूभाऊ माझ्या टेबलाशी आले. मी चहाला गेले होते, परत आले तर ते उभेच. सही केली आणि गेले नाहीत.

"बाई, नऊ नंबरचं वाचून दाखवता का जी?"

मी वाचलं. जरा ठसक्यातच वाचलं.

"चार तास कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? वस्तीत."

"वस्तीत कुठं? पंपापाशी का वरच्या नळापाशी?"

माझं डोकंच सटकलं. एकवीस कलमं लिहून पाठ मोडली होती आणि हे आता मला शिकवणार. मी म्हटलं, "कवडूभाऊ, पंप चार तास चालला म्हणजे पाणी चार तास आलं. एवढं तरी कळायला पाहिजे."

ते रागावले नाहीत. "सोमवारी पहाटं टेकडीपुऱ्यात या," म्हणाले. "घड्याळ आना. मंग तुमी म्हनान तसं."

मी गेले ती त्यांना खोटं पाडायलाच. पहाटे पाचला कवडूभाऊंनी खाली जुना पंप चालू करायला लावला. पाच दहाला पायथ्याचा नळ धो धो सुरू झाला. मी घड्याळ बघत वर चढले. छत्तिसाव्या नळापाशी अकरा बायका, पाणी भरायच्या अकरा गुंड्या, म्हणजे हंडे, रांगेत. सगळ्यात पुढं तुळसाबाई, सत्तरीची, कमरेत वाकलेली.

"हे कोन वं बाई?" तिनं मला विचारलं. "मोजाले आली का? मोज. हवा येते ते मोज."

नळातून खरंच नुसती हवा येत होती. सहा वाजले, सात वाजले. बायकांनी कवडूभाऊंचा उद्धार सुरू केला. एक म्हणाली, "कवडू, तुह्या चाबीले जंग लागला का गा?" ते खाली एकेक व्हॉल्व थोडा आवळून वर पाणी चढवायचा प्रयत्न करत होते आणि घामाघूम होऊन परत येत होते. सात पस्तीसला बोटभर धार आली. एक गुंडी भरायला पंचवीस मिनिटं लागली. नऊला पंप बंद झाला तेव्हा तीन गुंड्या भरल्या होत्या आणि चौथी अर्धीही नाही.

मी तिथंच दगडावर बसले. पंप बरोबर चार तास चालला होता. माझ्या नवव्या कलमाप्रमाणे कंपनीनं आपलं काम चोख केलं असतं आणि या बाया वीस वर्षं तीन गुंड्यांवर जगल्या असत्या. कोर्टात गेल्या असत्या तर माझाच कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहिला असता. मला खूप लाज वाटली. ती कवडूभाऊंना दिसू नये म्हणून मी उगाच घड्याळाला चाबी देत बसले.

"काय लिहावं मग?" मी शेवटी विचारलं.

"शेवटच्या नळापाशी मोजा," ते म्हणाले. "तासाले वीस गुंड्या. तिथं आलं म्हनजे खाली सगळ्याइले आलंच."

मंगळवारी समितीपुढं मी ते मांडलं. सही शुक्रवारी ठरलेली. कंपनीतर्फे त्यांचे इंजिनिअर रविंद्र आले होते. तिशीचा, नीटनेटका, सरळ बोलणारा माणूस. गुंडी हा शब्द ऐकून दोन-चार सभासद हसले. रविंद्र हसले नाहीत.

"बाई, आमचा पंप उत्तम आहे," ते म्हणाले. "पण पाइप तुमचे, व्हॉल्व तुमचे, सगळे जुने. वरपर्यंत पाणी चढेल याची हमी कंपनीनं काय म्हणून द्यावी? तास लिहा, शुक्रवारी सही. नळ लिहाल तर आम्ही आमची स्वतःची विहीर खणू."

रुपरावजींचा चेहरा पडला. दुसरी कंपनी नव्हती. जून तोंडावर आला होता, आणि जुना पंप हा उन्हाळा काढेल याचाही भरवसा नव्हता. करार गेला तर छत्तीसही नळ कोरडे. ते माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होते की ही बाई ऐन वेळी कुठून उपटली.

मग तेच म्हणाले, "असं करू. तुमचा नवा पंप चाचनीसाठी बसवला हाये न तिथं? उद्या चालवा. आठ ते नऊ, एक तास. वरच्या नळाले वीस गुंड्या भरल्या तं बाईचं कलम. नाही भरल्या तं तास. त्याच्यावर पुन्हा चर्चा नाही."

रविंद्रांनी मान्य केलं, पण एक अट घातली. लाइन त्यांचे फिटर चालवतील. कवडूंनी चाबीला हात लावायचा नाही, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हातचलाखी केली. दारापाशी उभ्या कवडूभाऊंनी मान हलवली.

बुधवारी सकाळी टेकडीवर सगळे जमले. रुपरावजी आणि त्यांचे चार सभासद छत्र्या घेऊन उभे, रविंद्र घड्याळ घेऊन, मी कागद घेऊन. तुळसाबाई नळाखाली गुंडी लावून बसली होती. तिच्यामागं अख्ख्या वस्तीच्या गुंड्या. कवडूभाऊ बाजूला, हात पाठीमागं बांधून.

आठला पंप सुरू झाल्याची शिटी खालून ऐकू आली. पाच मिनिटांत पायथ्याकडून आरडाओरडा ऐकू आला, तिथं पाण्याचा जोर एवढा की एकीची गुंडी उलटली. मला धीर आला. आठ दहा झाले. वरचा नळ गप्प. बायकांची कुजबुज थांबली. आठ पंधरा. नळातून हवासुद्धा येईना. सोमवारी निदान हवा तरी आली होती.

रविंद्रांनी फिटरला वर बोलावून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, यादीतले सगळे व्हॉल्व उघडले. पायथ्याचा तर आधीच पूर्ण उघडा आहे, डावीकडं ताणून पाहिला, जागचा हलत नाही."

"बघा रुपरावजी," रविंद्र म्हणाले. त्यांच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "पंपाचा दोष नाही. लाइनच अशी आहे. इथं पाणी चढणार नाही."

रुपरावजींनी रुमालानं मान पुसली. "बाई," ते मला म्हणाले, "तास लिहा तुमी."

मी कवडूभाऊंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते नळाकडं पाहत नव्हते, तुळसाबाईकडंही नाही. पायथ्याकडं, त्या व्हॉल्वच्या लोखंडी झाकणाकडं पाहत होते, आणि ओठ हलत होते. या माणसाला काहीतरी माहीत आहे आणि तो ते गिळून बसला आहे, हे मला कळलं. काय ते कळलं नाही. आठ वीस झाले होते. मी पेन काढलं, नऊ नंबरचं पान उघडलं. 

"साहेब," कवडूभाऊ म्हणाले. "पायथ्याचा बंद हाय."

फिटर उसळला. "बंद कसा? मी स्वतः—"

"तो उलटा हाय. इंग्रजाच्या टायमाचा. डावीकडं बंद होते, उजवीकडं उघडते. तुमी बंद असलेल्याले अजून बंद करून राहिले."

 फिटर रविंद्रांकडं पाहायला लागला.

"अठरा फेरे," कवडूभाऊ म्हणाले. "पयले चार हळू घ्या, नाही तं खालचा जोड फुटन."

फिटर पळत खाली गेला. आम्ही वरून त्याला चाबी लावताना पाहत होतो. कवडूभाऊ आता मोठ्यानं मोजत होते, त्याच्या हाताबरोबर. चारपर्यंत हळू, मग भरभर. अठराला ते थांबले, आणि तो खाली थांबला.

आठ एकतीसला नळ खोकला. आधी हवा, मग गंजाचं तांबडं पाणी, मग मनगटाएवढी धार. तुळसाबाईची गुंडी दीड मिनिट व्हायच्या आत भरली. रविंद्र म्हणाले की तास आठपासूनच धरायचा, आणि रुपरावजी म्हणाले की हो, आठपासूनच. बायकांना सांगावं लागलं नाही. एकीनं भरलेली ओढायची, दुसरीनं रिकामी सरकवायची, धार जमिनीवर पडू दिली नाही. मी मोजत होते. दहा. चौदा. मध्येच धार बारीक झाली, पण कवडूभाऊ म्हणाले, "खाली कोनी नळ सोडला असन, येते परत." ती परत आली. नऊला रविंद्रांनी हात वर केला तेव्हा वीस भरून एकविसावी नळाखाली होती. कोणी थांबलं नाही. तुळसाबाईनं तर घड्याळवाल्याकडं पाहिलंही नाही.

रविंद्रांनी घड्याळ खिशात टाकलं आणि मला म्हणाले, "लिहा बाई. शेवटच्या नळावर."

त्या क्षणी मला केवढा आनंद झाला ते काय सांगू. पण रुपरावजी कवडूभाऊंकडं वळले होते.

"काहून गा कवडू, व्हॉल्व उलटा हाये हे यादीत काहून नाही? शनवारी तं सही केली तू."

"लपवलं साहेब."

"अजून किती हाये असे?"

"एकसष्टात अकरा."

"आनि फेरे?"

"ते बी कुठं लिहून नाही. माह्याजवळ हाय."

रविंद्र पुढं आले. "कवडूजी, हे नसेल तर मी शेवटच्या नळाची हमी देऊ शकत नाही. उद्या माझ्या माणसानं असाच एक उलटा फिरवला तर दोष कोणाचा? फेरे आणि दिशा यादीत पाहिजेत. सगळ्या एकसष्टांचे."

त्यांचं बरोबर होतं. आणि मी तिथं उभी होते, हातात तोच करार, त्यात चौदावं कलम. रकाने भरले की हा माणूस आपल्या कामावरून गेला. मी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. कवडूभाऊ, थांबा, आधी हे ऐका, एवढंच. मी बोलले नाही. ते नको म्हणाले असते तर नववं कलम गेलं असतं, आणि मला ते हवं होतं. बायांसाठी हवं होतं हे खरं, पण माझी चूक माझ्याच हातानं दुरुस्त झालेली मला पाहायची होती, हेही खरं आहे. तोंडाची फटकळ म्हणवून घेणारी मी, त्या दिवशी माझी वाचा गेली.

"देतो," कवडूभाऊ म्हणाले.

बुधवारी दुपारपासून गुरुवारी संध्याकाळपर्यंत ते माझ्या टेबलासमोर बसले आणि सांगत गेले. मी लिहीत गेले. प्रत्येक व्हॉल्वची खोड त्यांना माहीत होती. हा बाभळीखालचा, बावीस फेरे, शेवटचा अर्धा सोडून द्याचा. हा मशिदीपाशीचा, उलटा, नऊच फेरे, उन्हाळ्यात झाकन तापते तं आधी पानी टाकाचं. हे पाणी टाकायचंसुद्धा मी लिहिलं. मध्ये ते डोळे मिटायचे, हातानं हवेत चाबी फिरवायचे आणि मग आकडा सांगायचे. एकदाही अडखळले नाहीत. तेवीस वर्षांचं काम दीड दिवसात उतरलं आणि साडेसहा पानांत मावलं.

शुक्रवारी सह्या झाल्या. रुपरावजींचा सत्कार झाला, त्यात त्यांनी माझंही नाव घेतलं. दुसऱ्या शहरातून कोणी कोणी हा करार मागायला यायचे. शेवटच्या नळावर मोजायची कल्पना कोणाची, असं विचारायचे. रुपरावजी माझ्याकडं बोट दाखवायचे. मी दरवेळी सांगायचे की कवडू मेश्राम नावाच्या चाबीवाल्याची, आणि ते लोक हसून माझ्या विनयाचं कौतुक करायचे. माझ्या अंगात विनय म्हणून कधी नव्हताच, हे माझ्या ऑफिसात कोणालाही विचारा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कवडूभाऊंच्या बदलीचा कागद माझ्याच टेबलावर आला. खापरीकडं आपलं पाइपांचं गोदाम होतं, तिथं चौकीदार. इंदोऱ्याहून खापरी म्हणजे सायकलनं शहराचं हे टोक ते ते टोक. मीच टाइप केला. करारातील कलम चौदानुसार, असं कारण लिहिलं. शिपायाच्या हाती पाठवायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून स्वतः घेऊन गेले. ते आवारात चाबी जमा करून पावतीची वाट पाहत बसले होते.

"कवडूभाऊ," मी म्हटलं, "चौदावं कलम मी तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं. मला माहीत होतं. टेकडीवर मी बोलायला पाहिजे होतं." एवढं बोलेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. "मले मालूम होतं जी," ते म्हणाले. "शनवारी तुमी चहाले गेल्त्या. टेबलावर पडलं होतं, सगळं वाचलं. सातवीपावतर शिकलो मी."

"मग नववं माझ्याकडून काहून वाचून घेतलं?"

"लिवनाराले समजलं का नाही ते पाहाचं होतं."

 म्हणजे आठपासून आठ वीसपर्यंत हा माणूस त्या टेकडीवर सगळं ठाऊक असून उभा होता. बोललो तर काय जाईल आणि नाही बोललो तर काय जाईल, दोन्ही त्याला माहीत होतं. मी विचारलं, "मग तरी बोललात?"

"मोजून पाह्यलं न वीस मिनिटं," ते म्हणाले. "आपलं पारडं जड होते का म्हनून. नाही झालं."

मग त्यांनी बदलीचा हुकूम वाचला. सावकाश, पहिल्या ओळीपासून. वाचून झाल्यावर एका जागी बोट ठेवलं. "बाई, इथं नुसतं चवदा लिवलं. नऊ बी लिवा न. दोन्ही संगंच आले."

मी परत वर गेले. दुसरा कागद मशीनला लावला आणि पुन्हा सगळं टाइप केलं, कलम नऊ व चौदानुसार. साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवला. त्यांनी वाचला, नऊचा इथं काय संबंध म्हणाले, आणि लाल शाईनं तेवढा शब्द खोडून खाली सही केली. पुन्हा टाइप करायला द्यायला त्यांना वेळ नव्हता. तोच कागद मी कवडूभाऊंना दिला. एकच रेघ होती, रेघेखालचा नऊ नीट वाचता येत होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सायकल घेऊन खापरीकडं गेले.